नाव एकीकडे, गाव एकीकडे

७ मे २०२४, मंगळवार. ऑफिसात सगळ्यांचं गणित केव्हाच जुळलं होतं. शनिवार, रविवार, सोमवारची एक रजा आणि मंगळवारी मतदानाची सुट्टी. चार दिवस दिवेआगर! माझीही बॅग भरून तयार होती. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. ''मंगळवारी येतोयस ना? तुझी चिठ्ठी आलीय घरी.''

मी राहतो धायरीत, गेली आठ वर्षं. मतदार यादीत नाव मात्र पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी. बदलायचा कंटाळा, दुसरं काय! गंमत म्हणजे लोकसभेला दोन्हीकडचा मतदारसंघ एकच, बारामती. २००८च्या फेररचनेत खडकवासला त्यात आला आणि इंदापूरचा ऊस, पुरंदरचे अंजीर नि सिंहगड रोडवरच्या सोसायट्या एकाच खासदाराच्या वाट्याला आल्या.

सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार. नणंद-भावजय. आमच्या लंच टेबलवर या लढतीचा सॉलिड टाइमपास चालायचा, टीव्हीवरची मालिका असावी तसा. शेवटी दिवेआगर कॅन्सल करून बोपदेव घाट उतरलो, तर गावात कुणी हसत नव्हतं. २०२३ साली पक्ष फुटला तेव्हा घरंही फुटली होती. आमच्याच घरात तात्यांचं घड्याळ आणि धाकट्याची तुतारी! पंधरा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आई इकडचे निरोप तिकडे पोचवत होती. ''भाजी हवी का, विचार त्याला,'' असं.

वेशीजवळ सरकारी टँकरभोवती हंड्यांची रांग होती. मी सवयीनं म्हणालो, ''आमच्याकडेही रोज टँकरच येतो. धरण उशाशी, धायरी २०१७ पासून महापालिकेत, तरी पाणी विकतच.''

धाकटा पटकन म्हणाला, ''मग तिकडं का नाही विचारत? तिकडं बोंब मारायची आणि मत इथं द्यायचं!''

बोललो काहीच नाही, पण लागलं. खरं तेच होतं. जिथं राहतो तिथंच नाव हवं, असं नियमही सांगतो. लोकसभेपुरता फरक पडत नव्हता, पण विधानसभेला पडणार होता आणि महापालिकेला तर पडणारच. आठ वर्षांत माझ्या वॉर्डातल्या कुठल्याच उमेदवाराला माझ्या मताची गरज पडली नव्हती. मग माझ्या नळाची तरी त्याला का पडावी?

४ जूनला निकाल लागला. सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्या पुढे, एकट्या खडकवासल्यात सुनेत्रा पवार पुढे. आणि मतदानाच्या टक्केवारीत सगळ्यांत मागे कोण? आमचंच खडकवासला. दिवेआगरला गेलेली गँग डोळ्यांसमोर आली. माझं नाव धायरीत असतं तर मीही त्यांच्यातच असतो, हेही कळलं. गावी ओढून नेलं ते तात्यांनी. सोसायटीत मला ओढणारं कोण होतं?

पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरायला वीस मिनिटंही लागली नाहीत. तात्यांना सांगायला मात्र चार दिवस लागले. ''तात्या, यादीतलं नाव तिकडं नेतोय.''

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, ''ने. सातबाऱ्यावर आहेच की. पण मतदानाची सुट्टी इकडंच काढायची, काय?''

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान धायरीत केलं, सकाळी सातला. सोसायटीतल्या तिघांना झोपेतून उठवून सोबत नेलं. दुपारी जेवायला गावी पोचलो. तात्या आणि धाकटा एकाच ओळीत ताटावर बसले होते. दोघांनीही आधी माझ्या बोटावरची शाई पाहिली आणि एकदमच विचारलं, ''कुणाला दिलंस रे?''

म्हटलं, ''आधी भाजी वाढा.''