आधी दुलई, मग विजेचे ब्लँकेट

नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊन आठवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की वर्तमानपत्रांत आमचे नाव झळकते. पण आमचा हिवाळाही काही साधा नाही. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि उत्तरेचा वारा सुटला की पहाटे हातपाय आखडतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. शहराची ही गत, तर शिवारालगत टिनाच्या घरात राहणाऱ्यांची काय होत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कृषी विस्ताराच्या कामाने माझे गावोगाव फिरणे असते. हरभऱ्यावरची घाटेअळी, संत्र्याचा ताण, रात्रीचे ओलित, एवढे बोलून झाले आणि चहा आला की गोष्टी घरादारावर येतात. हल्ली हिवाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, ते विजेचं ब्लँकेट घ्यावं काय? बिल किती येईल?"

हाच प्रश्न आमच्याही घरी आला. माझी आई ७८ वर्षांची. ती गावी धाकट्या भावाकडे असते. थंडी सुरू झाली की तिचा जुना रिवाज असा, की गोरशीत निखारे भरायचे, ती बाजेखाली सरकवायची आणि दार-खिडकी लावून झोपायचे. माझी मुलगी पुण्याहून म्हणाली, "आजीला विजेचं ब्लँकेट पाठवते." आई म्हणाली, "म्हणजे मी करंटवर झोपू?"

गंमत अशी, की आईला भीती विजेची होती आणि मला भीती गोरशीची. निखारा लाल झाला, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असे आपण समजतो. तसे नसते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोके जड होते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्याला ते कळतही नाही. बंद खोलीत रात्रभर निखारे ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून आईला मी एवढेच म्हटले, "तू ब्लँकेट घे नाहीतर नको घेऊ, पण गोरशी ओसरीवर राहील. शेकून घे आणि मग आत ये."

आता गोरशी काढली तर तिच्या जागी काय द्यायचे? खोली तापवणारा हीटर आणावा, असे भावाचे म्हणणे. इथे मला कोंबडीची पिल्ले आठवली. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. म्हणून आपण काय सगळे शेड तापवतो? नाही. गोल आडोसा करतो, खाली तूस अंथरतो, वर टोपी लावून बल्ब सोडतो. ऊब पिल्लापुरती. माणसाचेही तसेच आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात गॅस आणि वीज कडाडली, तेव्हा इंग्लंडातही पुष्कळ कुटुंबे घर तापवायचे सोडून पांघरायची विजेची ब्लँकेटे घेऊ लागली.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. आठ तासांच्या रात्रीला आठ युनिटे. विजेचे ब्लँकेट १०० वॅटचे धरले, तर तेवढ्याच वेळात एक युनिटही पुरे होत नाही, ०.८ युनिट. थंडीच्या ६० रात्री धरा : हीटरला ४८० युनिटे, ब्लँकेटला ४८. शिवाय घरगुती बिलात महिन्याची शंभर युनिटे ओलांडली की वरच्या युनिटांना दर जास्त लागतो, हे बिलाच्या मागे पाहून घ्या. आणि झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण गरम करून बटण बंद केले, तर सगळ्या हिवाळ्याला तीनच युनिटे.

मग ब्लँकेटच घ्यावे का? थांबा. ब्लँकेट ऊब तयार करते, पण ऊब धरून ठेवायचे काम पांघरुणाचे. फुटक्या पाटाने पाणी सोडले तर पंप कितीही मोठा असो, वाफा भिजत नाही. आणि रात्री वीज गेली, म्हणजे ते ब्लँकेट एक पातळ कापडच उरते.

म्हणून पहिला खर्च दुलईवर. ज्या विदर्भात कापूस पिकतो, तिथल्या माणसाने कुडकुडावे हे बरे नव्हे. ऊब रुईत नसते, रुईच्या तंतूंत अडकलेल्या हवेत असते. जुनी गादी-दुलई दबून चापट झाली की ती हवा निघून जाते. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली की तीच रुई पुन्हा फुलते. नवी दुलई भरायची तर तीन किलो रुई पुष्कळ झाली. एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते. म्हणजे एका दुलईला नऊ किलोंच्या आसपास कापूस लागला.

दुसरे, खालची बाजू. आपण वर दोन-दोन पांघरुणे घेतो आणि खाली एक सतरंजी. पण फरशी अंगातली ऊब ओढून घेते आणि बाजेखालून वारा लागतो. वासराखाली तणीस किंवा कुटार पसरणारा माणूस स्वतः मात्र गार फरशीवर झोपतो! खाली जाड गोधडी घाला, बाजेवर गादी घाला. डोक्याला रुमाल, पायांत मोजे. ओलिताहून आल्यावर ओले कपडे आधी बदला, मग शेका.

एवढे झाले आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर विजेचे ब्लँकेट जरूर घ्या. घेताना पाहा : त्यावर आय.एस.आय. खूण आहे का, किती वॅट ते लिहिले आहे का, जास्त तापल्यावर आपोआप बंद होते का. अंथरायचे वेगळे आणि पांघरायचे वेगळे; एकाचे काम दुसऱ्याला सांगू नका. आत तारा असतात, म्हणून घडी पडू देऊ नका. झोळ पडलेल्या बाजेवर नुसते टाकू नका, खाली गादी हवी. चालू असताना वर जड ओझे ठेवू नका. ओले झाले तर लावू नका. घरात अर्थिंग नीट नसेल, तर आधी वायरमनला बोलवा, ब्लँकेट मागाहून. हिवाळा संपला की सैल गुंडाळून पेटीत ठेवा, कारण उंदराला ही तार फार आवडते.

तान्ह्या बाळाला ते नको. मधुमेहाने पाय बधिर झालेले, किंवा स्वतः उठून बाजूला होऊ न शकणारे माणूस असेल, तर त्यालाही नको. चटका बसला तरी त्यांना सांगता येत नाही. अशांना दुलई आणि पायमोजेच बरे.

आईसाठी आम्ही आधी दुलई पिंजून घेतली. मग ब्लँकेट आले. नातसून जेवणानंतर अर्धा तास ते चालू ठेवते, बटण बंद करून पिन काढते आणि मग आईला हाक मारते. आठ दिवसांनी आईनेच विचारले, "आज करंट लावला नाही का गं?"

बंधुभगिनींनो, थंडी मार्गशीर्ष-पौषात येते, पण तिची तयारी आधी हवी. दिवाळीनंतर पिंजाऱ्याकडे रांग लागते. कोजागिरी झाली की दुलया उन्हात टाका, दबलेल्या असतील त्या पिंजायला द्या, आणि ब्लँकेटचा विचार उरलेल्या पैशांत करा.