आधी बघ, आकडा मग

तेलसाठ्यांचं सिम्युलेशन करणं हे माझं काम. त्याचे पहिले धडे मला दिले परभणीच्या कृषी विद्यापीठात माती शिकवणाऱ्या सरांनी. तेलाची विहीर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

माझे वडील विद्यापीठाच्या शेतावर मजुरीला जात. शाळा सुटली की मी सरांच्या प्रयोगशाळेत. काचेच्या नळीत आपली काळी माती भरून सर वरून पाणी सोडत आणि खाली किती झिरपतं ते मोजायला मला बसवत. कोरड्या भेगाळ मातीतून पाणी भसाभस उतरे. माती फुगून भेगा मिटल्या की तेच पाणी वर तुंबून राही. दार्सीनं १८५६ मध्ये मांडलेला प्रवाहाचा नियम मला असा हातानं कळला. मी घाईनं वही उघडली की सर म्हणत, "थांब बाळा. पाणी कुठं अडलंय ते आधी बघ. आकडा मग."

पुढे आखातातल्या चुनखडकांतले साठे माझ्या वाट्याला आले. सौदीतलं घवार, कुवेतमधलं मिनागिश अशा क्षेत्रांत तेल आणि पाणी जिथे भेटतं, तिथे डांबराचा थर आढळतो. तेलातले अस्फाल्टीनसारखे जड घटक तळाशी साचून तो होतो. खाली पाण्याचा मोठा साठा असला, तरी या थरामुळे त्याचा दाब वरच्या तेलापर्यंत पुरेसा पोचत नाही. सिम्युलेशनमध्ये त्या थराला शून्य प्रवाहाची भिंत मानणं सगळ्यात सोपं, आणि जुन्या उत्पादनाचे आकडे त्यानं जुळतातही. पण थर सगळीकडे सारखा नसतो. तो कुठे जाड, कुठे तुटक असतो. तेलाचा चिकटपणाही खोलीबरोबर वाढत जातो. वरून तेल उपसत गेलं की दाबातली तफावत वाढते आणि एखाद्या कच्च्या जागेतून पाणी वर घुसू शकतं. म्हणून मी आधी खडकाचे कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेले दंडगोल नमुने, पाहतो, थराच्या वरचा आणि खालचा दाब ताडून बघतो, मगच थरातून किती प्रवाह जाऊ द्यायचा तो गुणक ठरवतो. पाणी भरायच्या विहिरी कुठवर खोल न्यायच्या, हे त्यावरच ठरतं.

मी शिक्षणासाठी गाव सोडलं, तेव्हा सरांनी माझ्या पहिल्या सत्राची फी भरली. ते पैसे मी परत केले. पण बघण्याची जी शिस्त त्यांनी लावली, तिची परतफेड होत नाही. नव्या मुलांना मी संगणकाआधी कोअरच्या पेट्यांपुढे बसवतो. त्यांना सरांबद्दल सांगतो, परभणीबद्दल सांगतो. या विद्येचा उगम त्यांना ठाऊक असायला हवा.