बरणीचे बिऱ्हाड

परवा भाच्याचा लीड्सहून फोन आला. "मामा, एक अडचण आहे," म्हणाला. पैसे हवे असतील अशा समजुतीने मी जरा सावरून बसलो. अडचण निघाली बिअरची! त्याने घरी वीस लिटर बिअर आंबत ठेवली होती. तिचा तिसरा दिवस होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बिऱ्हाड शेफील्डला हलवायचे होते. बरणी न्यावी की ओतून द्यावी?

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे असल्या अडचणी सद्गृहस्थाच्या वाट्याला येत नाहीत. इंग्लंडात मात्र १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. फार तर 'मद्य' शब्दाची व्युत्पत्ती सांगितली असती. तेवढ्यात तांदूळ निवडत बसलेल्या आईने विचारले, "काय आंबत घातलंय त्याने?"

"जवाचं पाणी," मी आडवळणाने म्हणालो.

"मग झाकण घट्ट लावू नको म्हणावं. बरणी काठोकाठ भरलेली नको. हिंदकळली की फसफसते."

भाचा थक्क झाला. त्याने वाचले होते ते हेच. यीस्ट साखर खाते, तिचा मद्यार्क होतो आणि कार्बन डायॉक्साइड सुटतो. द्रवात मुरलेला हा वायू गाडीच्या हिसक्यांनी एकदम बाहेर येतो, फेस चढतो; वाट बंद असेल तर काचेची बरणीसुद्धा फुटते. म्हणून बुचातून नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचे. वायू बाहेर जातो, हवा आत शिरत नाही.

"आजीला दे फोन," तो म्हणाला. "आजी, तुला गं कसं ठाऊक?"

"तुझ्या मामाला विचार."

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही गिरगावातली चाळीतली खोली सोडून नेरूळला आलो. आदल्या रात्री सगळे सामान बांधून झाल्यावर आईने मिक्सर तेवढा मागे ठेवून आंबोळ्यांचे पीठ वाटले. मी चिडलो. ती म्हणाली, "नव्या घरात पहिल्या सकाळी काहीतरी आपलं नको?" सकाळी, सांडेल म्हणून मी ते स्टीलच्या डब्यात भरले आणि झाकण दाबून बसवले. "त्याला जरा वाट ठेव रे," ती म्हणाली. मी ऐकले नाही.

टॅक्सीत डबा तिच्या मांडीवर होता. वाशीच्या खाडीपुलावर झाकण उडाले. पीठ साडीवर, सीटवर, सगळीकडे. टॅक्सीवाला बोलला, त्याहून जास्त मी बोललो. आई पदराने सीट पुसत राहिली. खोलीला कुलूप लावताना ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली. पीठ गेले म्हणून, असे मी धरून चाललो.

आई फोनवर सांगत होती, "दोन्ही बाजूंनी गोधड्या आवळून बरणी उभीच ठेव. गाडी सावकाश हाक. पोचलास की दोन-चार दिवस हात लावू नको. जागा बदलली की बसायला वेळ लागतो रे त्याला."

तुला किती लागला, असे मला विचारायचे होते. मी विचारले, "उद्या आंबोळ्या करतेस?"

"मग तांदूळ कशाला निवडतेय?" आई म्हणाली.