ऐकण्याचे शिक्षण

वडील गेले त्या वर्षी आईची झोप उडाली. मध्यरात्री ती ओसरीवर एकटीच बसलेली दिसे. विचारले, तर एवढेच म्हणे, "विचार फार येतात रे." मी लगेच सांगे, "अगं, नको करूस विचार. पोथी वाच, मन रमव." माझ्या बोलण्यात माया होती, परंतु माझ्या प्रत्येक उत्तरानंतर ती अधिकच मिटत जाई, हे दिसत असूनही मला उमगत नव्हते.

चार वर्षांनी झिम्बाब्वेतील 'मैत्रीच्या बाका'विषयी वाचनात आले आणि आईचे ते वाक्य अनपेक्षितपणे पुन्हा भेटले. तेथील शोना भाषेत अशा मनोव्यथेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. म्हणजे अति विचार करणे.

डॉ. डिक्सन चिबांडा हे हरारे येथील मानसोपचारतज्ज्ञ. बसभाड्याअभावी रुग्णालयात येऊ न शकलेल्या त्यांच्या एका तरुण रुग्णाने जीवन संपवले. मदतच लोकांच्या दारी नेली पाहिजे, हे त्यांना जाणवले. पण देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच. म्हणून २००६ मध्ये म्बारे वस्तीत आरोग्यसेवेचे काम करणाऱ्या १४ आज्यांना त्यांनी शिकवण्यास आरंभ केला. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक. त्यावर एक आजी आणि एक दुःखी माणूस. आजी प्रथम ऐकते, मन मोकळे होऊ देते. मग अनेक अडचणींपैकी एक निवडायला सांगते आणि तिच्यावरचा मार्ग त्या माणसालाच शोधू देते. जिवाला धोका जाणवला, तर त्याला तज्ज्ञांकडे पाठवते. ५७३ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झालेला होता. आपल्याकडे गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही स्थानिक स्त्रियांना समुपदेशन शिकवून असा प्रयोग यशस्वी झाला आहे.

ऐकायला काय शिकायचे, असे मला पूर्वी वाटे. आज्यांविषयी वाचताना लक्षात आले, की मी आईला दिलेला सल्ला तिच्यासाठी नव्हताच. तिचे दुःख मला सोसवत नव्हते; म्हणून मी ते शब्दांनी बंद करीत होतो. माया उपजत असते. थांबणे मात्र शिकावे लागते.

त्या दिवाळीत गावी गेलो. रात्री ओसरीवर आईशेजारी बसलो आणि विचारले, "कसले विचार येतात गं?" बराच वेळ ती बोललीच नाही. मीही बोललो नाही. मग ती हळूच म्हणाली, "शेवटच्या रात्री ते पाणी मागत होते. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, म्हणून मी दिलं नाही."

'त्यात तुझा काय दोष?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मग?"

त्या रात्री आई पहाटेपर्यंत बोलत होती.