काळ्यावर निळा

मोटारसायकलच्या काळ्या टाकीवर निळ्या पर्लचं घोस्ट काम, म्हणजे ऊन पडलं तरच उठणारं चित्र, हल्ली मी स्वतः करत नाही. आमच्याकडं शिकायला आलेली पोरगी करते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, उजव्याचा अजून पिकतोय, आणि एकच टाकी दोन डोळ्यांना दोन तऱ्हेची दिसते. उजवा मिटला की निळी ज्वाळ लखलखते. डावा मिटला की काळं ते काळंच. डॉक्टर म्हणाले, वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, ते निळा उजेड अडवतं, आणि हे सगळं इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. उद्यमनगरात आपल्याला नजरेसाठी ओळखतात, अशी माझी समजूत होती. निदान ती समजूत पसरवायला मी कधी कमी पडलो नाही.

मास्किंग, कटिंग, गनची हवा हे सगळं हाताला येतं. कुठं थांबायचं, हे येत नाही. पर्ल म्हणजे अभ्रकाचे कण आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा. मुलाम्याची जाडी बदलली की रंग बदलतो. डबीत निळा असा रंग नसतोच, उजेडच तिथं फुटून निळा होऊन परततो. पांढऱ्यावर मारला तर तोच पर्ल काही कोनांतून पिवळट वाटतो. काळ्यावर मात्र एका कोनात पेटतो आणि आपण जरा सरकलो की विझतो. क्लिअर बेसमध्ये चिमूटभर टाकायचा, लांबून कोरडा हात मारायचा. ओला पडला की कण पोहतात आणि ढग धरतात. सुकला की बेस मॅट होतो आणि केलेलं सगळं नाहीसं होतं. कच्चा माणूस इथं घाबरतो, ‘उठलं नाही’ म्हणून आणखी एक हात मारतो. वर टू-के क्लिअर पडलं की सगळं एकदम वर येतं, आणि तेव्हा परतीची वाट नसते. अंदाजासाठी सिलिकॉन रिमूव्हरचा ओला फडका फिरवायचा. पृष्ठभाग ओला आहे तोवर क्लिअरनंतरचं रूप दिसतं, मग उडून जातं. तेवढ्या काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो. माझा धंदा त्या काही सेकंदांवर चाललाय.

त्यात टाकी सपाट नसते. बुलेटच्या टाकीला वरून ऊन थेट लागतं, गुडघ्याजवळच्या खोलगटीत ते तिरपं पोचतं. मोजून सारखा पर्ल मारला तर ज्वाळ वर भडकते आणि खाली मध्येच तुटल्यासारखी दिसते. म्हणून वर हात चोरायचा, खाली एखादा जास्त द्यायचा, आणि कुठं चोरला ते कळू द्यायचं नाही. टेपच्या कडेचा प्रश्न निराळाच. रंग इतका पातळ की दिसू नये, पण कड उभी राहिली की ट्यूबलाइटची रेघ तिच्यावर मोडते आणि चित्राआधी चित्राची हद्द दिसते. क्लिअर देऊन ८०० चा पेपर मारून कड पुरायची, मग पुन्हा क्लिअर. टाकीच्या कंगोऱ्यावर पेपर जरा जास्त बसला तर पर्लच उघडा पडतो. मग पुन्हा काळ्यापासून सुरुवात.

आणि मग पावसाळा. ढगाळ हवेत घोस्ट उठत नाही. आषाढात गाडी नेलेला मालक महिनाभर फोन करत राहतो, ‘काका, काही केलंय का नुसतंच पॉलिश मारलंय?’ गणपतीच्या सुमारास ऊन पडलं की तोच मित्रांना घेऊन येतो. फोन बंद होतात ते मात्र त्याआधीच, कारण माफी मागणं कुणालाच जमत नाही.

गावात आता घोस्टचा बोर्ड लावलेले बरेच झालेत. एकाचं काम मी बघितलं. भर ट्यूबलाइटखाली, रस्त्याच्या पलीकडून कवट्या दिसत होत्या. हे कसलं घोस्ट, ही तर बँडबाजासकट वरात. रॅपवाल्यांचं त्याहून सोपं. प्लॉटरवर कापायचं, मॅटवर ग्लॉस चिकटवायचं, संध्याकाळी गाडी द्यायची. गिऱ्हाईक खूश असतं, म्हणून मी गप्प बसतो. म्हणजे दुकानात गप्प बसतो.

खरं सांगायचं तर मला गिऱ्हाइकाचं कौतुक फारसं लागत नाही. मला हवा असतो दुसरा पेंटर. त्यानं सिग्नलला माझ्या गाडीशेजारी थांबावं, साधी काळी म्हणून नजर काढून घ्यावी, आणि ऊन फिरल्यावर मान परत वळवावी. काम इतकं पातळ ठेवण्यामागं सौंदर्यदृष्टी थोडी आणि हा हिशेब जास्त. चेन्नईत रॉयल एन्फील्डच्या टाक्यांवर हातानं सोनेरी रेघ मारणाऱ्या कारागिरांचे व्हिडिओ लोक बघतात, वाहवा करतात. रेघ अफाटच आहे, एका दमात, टाकीच्या वळणावरून न थरथरता. पण ती दिसते. दिसणाऱ्या गोष्टीचं नाव होतं. आमचं काम आरसीवर नुसतं ‘काळा’. हे मी तक्रारीच्या सुरात सांगतो खरा, पण मनातून मला त्याचा माज आहे. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात हाताच्या बोटांना रंग लागलेल्या कुणालाही पेंटर म्हणतात. माझ्या बोर्डावर तो शब्द आडनावापेक्षा मोठा आहे.

तर ही पोरगी. परवा तिनं येझ्दीच्या टाकीवर काळ्यात निळी वेल काढली. ओला फडका फिरवला. उजव्या डोळ्याला काहीच नव्हतं, डाव्याला अंधुक होतं. मी म्हटलं, ‘अजून एक हात मार.’ तिनं गन ठेवली. ‘नको काका, पुरे.’ क्लिअर सुकल्यावर टाकी उन्हात नेली. माझ्या कुठल्याही कामापेक्षा ती वेल पातळ होती, आणि खोलगटीत उतरताना कुठंही तुटत नव्हती. चांगलं झालंय म्हणायला मला दुपारची जेवणं उरकेपर्यंत वेळ लागला.

टाकीच्या पोटाला, पेट्रोल कॉकच्या बाजूला, मी दोन अक्षरं लपवतो. माझ्या नावाची. शेवटच्या क्लिअरआधी त्या येझ्दीलाही मारली होती, सोनेरी पर्लमध्ये, सवयीनं. बसवताना टाकी उलटी केली तेव्हा तिला दिसली.

‘काम माझं आणि सही तुमची होय?’

‘दुकान माझं आहे की.’

तिनं टाकी जरा लांब धरून बघितली. ‘मग निदान पातळ तरी मारायची, काका. ट्यूबलाइटमध्ये दिसायलीय.’