समोवाराच्या गावी

पुण्याच्या जुन्या वाड्यात ज्यांनी पहाटे तांब्याचा बंब पेटविला असेल, त्यांना रशियन समोवार मुळीच परका वाटणार नाही. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. फरक एवढाच, की आपण ते पाणी अंगावर घेतो आणि ते लोक पोटात!

मॉस्कोच्या दक्षिणेला जवळजवळ दोनशे किलोमीटरांवरचे तूला हे शहर ह्या समोवारांचे माहेर. १७७८ साली लिसित्सिन बंधू तिथे समोवार घडवू लागले. चहा मात्र रशियात आधीच, १६३८ साली, एका मंगोल खानाने झारला पाठविलेल्या नजराण्यातून पोहोचला होता. पुढे चीनहून उंटांचे तांडे महिनोन्महिने चालून तो आणीत.

२०१९ च्या सप्टेंबरात मी तूलाला गेलो तो खरे तर टॉलस्टॉयसाठी. यास्नाया पोल्याना तिथून अगदी जवळ. तिथल्या एका विद्यार्थिनीने दुभाषेपण पत्करले होते. तिच्याच ओळखीच्या ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी आम्हांला चहाला बोलाविले. समोवार विजेचा होता. निखाऱ्यांचा जुना, कपाटावर पेन्शनरासारखा बसून होता. लहान किटलीतला कडक अर्क पेल्यात थोडासा ओतायचा आणि वर तोटीचे कढत पाणी. दुधाचे नाव नाही.

रशियन माणसे चहात जॅम कालवतात, असा आपल्याकडे समज आहे. कालवणारे असतीलही, परंतु बाईंनी इवल्या बशीत 'वारेन्ये' निराळे वाढले. एक चमचा तोंडात, त्यावर चहाचा घोट. वारेन्ये म्हणजे जॅम नव्हे. आपल्या मोरांब्याचे भावंड म्हणा. फळ अखंड राहायला हवे आणि पाक आरपार दिसायला हवा. म्हणून थोडे उकळायचे, निवू द्यायचे, पुन्हा उकळायचे. वर येणारा फेस पोरांच्या वाट्याचा. 'ॲना कॅरेनिना'त ह्याच कामी पाणी घालावे की नाही, ह्यावरून घरची जुनी कारभारीण आणि घरधन्याच्या सासूबाई ह्यांच्यातली धुसफूस आली आहे. माजघराचे राजकारण सगळीकडे सारखेच!

आमच्या पुढ्यातले वारेन्ये हिरव्या गूझबेरीचे होते. ह्यात प्रत्येक फळातल्या बिया केसांच्या आकड्याने कोरून काढतात. बरणीवर चिठ्ठी होती : २०१६. अक्षर बाईंच्या यजमानांचे. ते गेल्यावर शहराबाहेरची बाग विकावी लागली. मुलगी मॉस्कोला, ती वारेन्ये दुकानातून आणते. त्या उन्हाळ्याच्या दोनच बरण्या उरल्या होत्या आणि त्यांतली एक आमच्यासाठी उघडली होती.

मी चमचा खाली ठेवला. बाई काहीतरी म्हणाल्या. विद्यार्थिनी हसली : "त्या म्हणतात, ठेवून ठेवून त्याची साखर होते. खा तुम्ही."

मी खाल्ले. आंबटगोड, किंचित तुरट. बाईंनी न विचारता माझा पेला तिसऱ्यांदा तोटीखाली धरला.