किडकी शेंग

जरीपटक्यातील आमच्या अंगणात आईने लावलेल्या तुरीचे बियाणे आम्ही दरवर्षी जपून ठेवतो. डिसेंबरात शेंगा भरल्या, की सोलेभातासाठी ती सोलायला बसे. छिद्र पडलेली शेंग हाती लागली, की "मेली किडकी!" म्हणून दूर भिरकावी. त्याच झाडांभोवती बागडणाऱ्या इवल्या निळ्या पाकोळ्या मात्र तिच्या फार लाडक्या.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इटलीत धर्मभगिनी असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने मठाच्या बागेतील एका फुलपाखराचे छायाचित्र धाडले. खाली एवढेच : "ओळख पाहू!" युरोपातले फुलपाखरू मी कोठून ओळखणार? तरी निरखून पाहिले. मिटलेल्या पंखांवर फिकट तपकिरी रंगात पांढऱ्या नागमोडी रेषा, मागच्या पंखाच्या कडेजवळ एक रुंद पांढरा पट्टा, टोकाशी दोन काळे ठिपके आणि केसासारखी शेपटी. ते ठिपके म्हणजे डोळे नि शेपट्या म्हणजे मिशा समजून पक्षी तेथेच चोच मारतो आणि खरे डोके वाचते. पुस्तक उघडले. लिनियसने १७६७ साली नाव दिलेले हे फुलपाखरू दक्षिण युरोपात आढळते, तसेच भारतातही. आपल्याकडे त्याला 'पी ब्लू' म्हणतात. मादी कळ्यांवर एकेक अंडे घालते. अळी शेंगेत शिरून दाणे खाते.

मी चमकलो. फवारणीचे औषध आणून ठेवले होते, ते तसेच राहू दिले. घाटेअळी लांबोडकी असते; एका शेंगेत मात्र चपटी, डोके लपवलेली हिरवी अळी सापडली. तिच्याभोवती मुंग्या घुटमळत होत्या. तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्या चाटतात. तिला शेंगांसह बरणीत ठेवून वर जाळीचे कापड बांधले. वाळक्या पानाच्या आडोशाला तिचा कोश झाला आणि एका सकाळी त्यातून जांभळट निळ्या पंखांचा नर बाहेर आला.

आई जिला भिरकावीत होती आणि जिच्यावर माया करीत होती, ती एकच होती. आईला हे सांगायचे राहून गेले.

ज्याचे वर्षाचे पोट तुरीवर आहे, त्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? पण अंगणातल्या चार झाडांपैकी एक मी आता फवारणीवाचून सोडतो. बहिणीला उत्तर लिहिले : "ओळखले. आईच्या तुरीवरचेच आहे."